पायावर पाय

उजव्या पायातली चप्पल मागे राहिली, हे किसनरावांना स्वतःला कधी कळत नसे. ते लोक सांगत. लिफ्टमधून बाहेर पडून फाटकापर्यंत आले की मागून कुणीतरी ओरडे, "आजोबा, तुमची चप्पल वर गेली!" आणि ती खरोखरच गेलेली असे. कुण्या पोराने वरून बटण दाबलेले असे. चप्पल एकटीच तिसऱ्या मजल्यावर जाऊन, चार घरची माणसं पाहून, परत खाली येई. अकोल्याच्या फ्लॅटची सवय चपलेला झाली होती. किसनरावांना झाली नव्हती.

पंजा वर उचलला जात नव्हता, एवढीच तक्रार. दुखणं नाही, सूज नाही. चालताना गुडघा उंच घ्यावा लागे, गाऱ्यातून चालल्यासारखा, आणि मग पंजा फरशीवर फटकन पडे. एक पाऊल मुकं, एक पाऊल फट्. सून दीपमाला स्वयंपाकघरात उभी राहून आवाजावरून सांगे, मामाजी आता हॉलमध्ये, मामाजी आता बाथरूमकडे.

आता हा पाय अकोल्यात आला कसा, ते सांगायला हवं.

किसनरावांचा मळा पातूरजवळ. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं झेंडू. मळ्यानं मुलगा चंदन शिकला आणि जिल्हा परिषदेत लागला. चंदन लहान असताना अभ्यास सोडून गोट्या खेळायला पळाला की किसनराव त्याला पकडून एकच भाषण देत: "आमी उकिडवं बसून बसून निंदतो, गुडघे झिजवतो, काहून? तू खुर्चीवर बसावं म्हणून." भाषण इतकं चांगलं होतं की पोरगा खरोखर खुर्चीवर बसला. पण भाषणाचा एक दोष असतो, ते ऐकणाऱ्याच्या मनात राहून जातं. बापाचे झिजलेले गुडघे चंदनला ऑफिसात फायलींच्या मधून दिसू लागले. दिवाळीला तो गाडी घेऊन गावी आला आणि म्हणाला, "बाबा, बस झालं. आता तुम्ही फक्त आराम करायचा."

बायको पार्बताबाईही अकोल्याला सोबत आल्या होत्या. आठवडाभर राहिल्या आणि "वांग्यावर अळी आली, पाहून येतो," म्हणून गावी गेल्या. ती अळी मोठी चिवट निघाली. संक्रांत झाली तरी हटेना.

किसनराव मात्र राहिले. कारण चंदननं काम सांगितलं होतं आणि कामात कुचराई करणं त्यांना माहीत नव्हतं. आराम हे काम नवं होतं, एवढंच. नवं काम जाणत्या माणसाकडून शिकावं. म्हणून त्यांनी खालच्या मजल्यावरच्या भगवंतरावांना गुरू केलं. भगवंतराव निवृत्त नायब तहसीलदार. आरामाचा अनुभव नोकरीपासूनचा. सोसायटीच्या बाकावर ते उजवा पाय डाव्यावर टाकून असे काही बसत की समोरच्याला वाटावं आपण अर्ज घेऊन आलो आहोत.

"किसनराव, मांडी घालून बसणं म्हणजे जेवण," भगवंतराव सांगत. "उकिडवं बसणं म्हणजे मजुरी. अन् पायावर पाय, हा झाला आराम."

घरातला सोफाही त्याच मताचा होता. तो इतका खोल, की टेकून बसलं तर किसनरावांचे पाय जमिनीला पोचत नसत. वर घ्यावेत तर दीपमालानं पांढरं कव्हर घातलेलं. ती बोलत काही नसे. फक्त कव्हराकडे पाहत असे. तेव्हा उरलं पायावर पाय. किसनराव सकाळच्या चहाला जे बसत ते जेवायला उठत, आणि जेवून जे बसत ते संध्याकाळच्या चहाला उठत. मधे पाय अवघडला तरी काढत नसत. पीक आलं नाही म्हणून कुणी पेरणी सोडतं का?

संक्रांतीनंतर एका सकाळी सोफ्यावरून उठले आणि पंजा खालीच राहिला.

मग निदान सुरू झालं. पार्बताबाईंनी फोनवरून ओळखलं, "हवा लागली." भगवंतरावांनी स्वतःच्या कमरेच्या आधारावर सायटिका ठरवली आणि आपला जुना पट्टा देऊ केला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या, त्यांनी तोंडाची चव गेली. पंजा होता तिथंच. चंदननं कमरेचा एमआरआय काढला. सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या कमरेत जे निघायचं ते निघालंच: मणक्यात गादी सरकलेली.

"मले काय झालं हे मले सोडून साऱ्यायले ठाऊक हाय," किसनराव म्हणाले.

पण खरी भीती पायाची नव्हती. चंदन एका संध्याकाळी समोर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, केशवरावांशी बोललो. पाडव्यापासून मळा ते मक्त्यानं घ्यायला तयार आहेत. ऑपरेशन करावं लागलं, तर तुम्हाला काही वावर पाहणं होणार नाही."

केशवराव शेजारचे, माणूस वाईट नाही, पण सोयाबीनचा. वांग्याच्या वावरात सोयाबीन पेरीन म्हणजे पेरीनच. आणि एकदा दिलेलं वावर, पाय बरा झाला तरी, साल सरल्याशिवाय हातात येत नाही. विहिरीवरची मोटर, वाफ्यातलं पाणी, पहाटे पातूरच्या बाजारात जाणाऱ्या टोपल्या हे सगळं दुसऱ्याचं, आणि आपल्या वाट्याला पांढरं कव्हर.

"पाय बरा झाला तर मी जाईन," ते म्हणाले.

"डॉक्टर म्हणतील तसं," चंदन म्हणाला.

"ठरलं. डॉक्टर म्हणतीन तसं."

हाडाचे डॉक्टर शहाणे निघाले. त्यांनी एमआरआय बाजूला ठेवला, किसनरावांचा पंजा खालीवर करून पाहिला आणि म्हणाले, "कमरेला हात लावण्याआधी नसेची तपासणी करा. एनसीव्ही, ईएमजी. अमरावतीला करतात. नस कुठं अडकली ते त्यात कळेल. कमरेत की पायात."

जायच्या आदल्या दिवशी पार्बताबाई पातूरहून एसटीनं आल्या. एका हातात वांग्यांची थैली, दुसऱ्या हातात तेलाची बाटली. सकाळी कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी नवऱ्याचा पाय मांडीपासून नखापर्यंत असा चोळला की उन्हात धरला असता तर चमकला असता. तपासणीला येताना पायाला तेल लावू नये, असं दवाखान्यानं चंदनला फोनवर बजावून सांगितलं होतं. चंदननं ते दीपमालाला सांगितलं, दीपमालानं मामाजींना सांगितलं, आणि मामाजींनी ते पार्बताबाईंना सांगण्याची हिंमत केली नाही.

अमरावतीच्या डॉक्टर आचल मॅडम तिशीतल्या. त्यांनी पायाला पहिली चकती चिकटवली, ती घसरली. दुसरी चिकटवली, तीही घसरत घोट्यापर्यंत गेली.

"तेल कुणी लावलं?"

पार्बताबाई भिंतीवरच्या माणसाच्या चित्राकडे पाहू लागल्या. त्या माणसाला कातडी नव्हती, नुसत्या नसा होत्या.

"याले लावाले पाह्यजे तेल," त्या पुटपुटल्या.

मॅडमनी हसत पाय स्पिरिटनं पुसून काढला. मग नडगीवरच्या स्नायूवर चकत्या बसवल्या, पायाला पट्टा बांधला आणि हातात दोन टोकांचं एक यंत्र घेतलं. "काका, आता थोडा थोडा करंट देणार. घाबरायचं नाही. जरासा झटका बसेल."

"रोह्याले देतो तसा?"

"कुणाला?"

"रोही म्हणजे नीलगाय, अन् रानडुक्कर. मळ्याले तार हाय आमच्या, झटका मशीनची. बॅटरीवर चालते. जनावर मरत नाई, फक्त पुन्यांदा येत नाई."

"तुम्हाला बसलाय कधी?"

"मले सोडून बाकी कोणालेच बसला नाई," किसनराव म्हणाले. "रोही तारेवरून उडी मारते."

"मग हा तुम्हाला काहीच वाटणार नाही," म्हणत मॅडमनी यंत्राची टोकं गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला टेकवली आणि बटण दाबलं.

पंजा उचलला गेला.

किसनरावांनी उचलला नव्हता. तो आपसूक उचलला गेला, टचकन, जसा पूर्वी जात असे. पडद्यावर एक डोंगर उमटला. मॅडमनी परत बटण दाबलं. पंजा परत वर. इतक्या दिवसांत हा पाय आपला असल्याची ही पहिली खूण. किसनरावांनी खाकरून घेतलं.

"पाह्यलं का वो?" पार्बताबाई पुढे सरकल्या. "जिता हाय पाय!"

"जिवंतच आहे, मावशी. आता वरून बघू." मॅडमनी टोकं गुडघ्याच्या मागे, जरा वरच्या अंगाला लावली आणि तेवढाच झटका दिला. यावेळी पंजा नुसता थरथरला. पडद्यावर डोंगराच्या जागी एक उंचवटा आला, मुंगळ्याच्या वारुळाएवढा. मॅडमनी जागा बदलून बदलून पाहिलं. खालून डोंगर, वरून वारूळ. डाव्या पायाला दोन्हीकडून डोंगर.

किसनराव पडद्याकडे टक लावून बघत होते. मळ्यात ठिबकच्या नळ्या अशाच पाहाव्या लागत. "नळी दुमडली हाय," ते म्हणाले. "मधातच कोठीतरी."

"बरोबर. गुडघ्यापाशी." मॅडमनी बारीक सुई काढली. "आता कमरेचं काही आहे का ते पक्कं करू. सुई टोचते, ती खोटं नाही सांगत."

सुई नडगीच्या स्नायूत गेली आणि यंत्र बोलू लागलं. पंजा उचलायचा प्रयत्न करा म्हटलं की तुरळक आवाज येई, कढईत शेवटच्या चार ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा. मग सुई पोटरीत, मांडीत, कमरेत. तिथं जोर लावला की यंत्र असं तडतडे की जणू घाणाभर लाह्या एकदम फुटल्या.

"इथले सगळे ठीक आहेत," मॅडम म्हणाल्या. "कमरेतली नस अडकली असती तर हेही रडले असते. ऑपरेशनचं काही काम नाही. नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबलीय. तिथं ती हाडाला वळसा घालून जाते, वर नुसती कातडी. काका, तुम्ही खूप वेळ उकिडवं बसता का? शेतात?"

चंदन खुर्चीवरून जवळजवळ उठला. "हो, मॅडम! आयुष्यभर! उकिडवं बसून निंदण, दिवस दिवस. लहानपणापासून ऐकत आलोय मी. गुडघे झिजवलेत यांनी. मी हेच म्हणत होतो, यांनी शेतात जाता कामा नये."

"उकिडवं बसून दबू शकते," मॅडम म्हणाल्या. "असं असेल तर शेत बंद करावं लागेल."

खोलीत पंखा फिरत होता. किसनरावांना त्याच्या प्रत्येक फेऱ्यात केशवरावांचं सोयाबीन उगवताना दिसलं. डॉक्टर म्हणतीन तसं, असं आपणच म्हटलं होतं. सुटकेचा एकच रस्ता होता, आणि तो वीस वर्षं दिलेल्या भाषणावरून जात होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पोरासमोर बापाचं तोंड इतक्या सहज उघडत नाही.

पार्बताबाईंचं उघडलं.

"निंदण? यायनं?" त्या म्हणाल्या. "बाप्पा! मॅडम, लग्न झाल्यापासून यायले एक डाव खाली बसून निंदतानी मी पाह्यलं नाई. निंदतो मी, अन् बाया. हे धुऱ्यावर उभे राह्यते अन् बोट दाखवते. तथी गवत राह्यलं. अथी गवत राह्यलं."

चंदननं बापाकडे पाहिलं. "बाबा?"

बायकोनं चारचौघांत केलेला अपमान किसनरावांना आयुष्यात इतका गोड लागला नव्हता. "खरं हाय," ते घाईनं म्हणाले. "उभाच राह्यतो मी. दिवसभर उभा."

"मग गुडघे झिजले ते?"

"झिजले नं," किसनराव म्हणाले. "तुह्या मायचे."

मॅडमनी रिपोर्टवर लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "थांबा. शेतात शेवटचं कधी गेला होतात?"

"दिवाळीले."

"आणि पाय?"

"संक्रांतीनंतर."

"मग मधल्या काळात काय करत होतात?"

"आराम," किसनराव म्हणाले.

"कसा करता? बसून दाखवा बरं."

किसनराव पलंगावरून उतरून खुर्चीवर बसले. पाठ टेकली, आणि उजवा पाय उचलून डाव्या गुडघ्यावर असा अलगद ठेवला की भगवंतरावांनी पाठ थोपटली असती. मॅडम वाकल्या. त्यांनी उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला बोट लावलं. ती कड डाव्या गुडघ्याच्या हाडावर अचूक टेकली होती, ऐरणीवर लोखंड ठेवावं तशी.

"हीच जागा," त्या म्हणाल्या. "दिवसातून किती वेळ?"

"चहापासून जेवणालोक. मंग जेवणापासून चहालोक. खाडा नाई केला कधी."

"मुंग्या नाही आल्या पायाला?"

"आल्या नं. पण चंदननं सांगतलं होतं, नीट आराम करा म्हणून."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले, पण हसू डोळ्यांतून बाहेर आलंच. "वजनही कमी झालंय का?"

"कमी?" पार्बताबाई म्हणाल्या. "पायजम्याची नाडी दोनदा फिरते आता. सून चांगली हाय माही, पण सकाळी यायले कोंडा देते."

"ओट्स," चंदन खालच्या आवाजात म्हणाला. "डाएट म्हणून."

"अंगावरचं मांस उतरलं की नसेवरची गादी जाते. त्यात हा आराम." मॅडम किसनरावांकडे वळल्या. "काका, नस तुटलेली नाही, झोपलीय. बहुतेक महिना-दोन महिन्यांत पंजा उचलायला लागेल. तोवर पंजा वर धरणारा पट्टा लिहून देते, व्यायाम सांगते. पायावर पाय टाकायचा नाही, उकिडवं बसायचं नाही. आणि आराम जरा कमी करा."

पार्बताबाईंनी पदर सावरला आणि मुलाकडे पाहिलं. "काय ठरलं होतं रे?"

बाप असा असला, तरी चंदन शब्दाचा पक्का होता. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून त्यानं विचारलं, "मॅडम, यांनी शेतात गेलेलं चालेल?"

"बसणार नसतील तर उत्तम. उभं राहणं, चालणं, चांगलंच."

"उभं राह्यनं यायले चांगलं येते," पार्बताबाई म्हणाल्या.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबले. चंदन कप हातात घेऊन बाजूला गेला आणि केशवरावांना फोन लावून बराच वेळ काहीतरी समजावत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "म्हणजे मी लहानपणी ज्या गुडघ्यांसाठी रडलो, ते तुमचे नव्हतेच."

"गुडघे घरातलेच होते," किसनराव म्हणाले.

"मग आराम आईलाच द्यायला पाहिजे होता. आई, तू चल फ्लॅटवर. बाबा पाहतील वावर."

पार्बताबाईंनी बशीतला चहा संपवला. "नको बावा. वांग्यावर अळी हाय."

पाडव्याच्या सकाळी केशवराव मळ्यात आले. मक्ता मोडल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं, पण बोलणं मोडलं तर चहा तरी ठरलेला राहावा, असा त्यांचा हिशेब. किसनराव धुऱ्यावर उभे होते. उजव्या पायाला पट्टा, दोन्ही पायांत चपला, हात मागे. वाफ्यात बाया खाली बसून निंदत होत्या आणि किसनराव बोट दाखवत होते.

"तथी राह्यलं. त्या कोपऱ्यात."

"दिसते आमाले," सत्यभामा नावाची एक बाई मान वर न करता म्हणाली. "तुमी या नं खाली, दाखवा काढून."

"मले बसाले मनाई हाय. डॉक्टरचा कागद हाय घरी."

"पयले कागद नव्हता तवा कोण्या मनाईनं उभे होते?" सत्यभामा म्हणाली, आणि सगळ्या वाफ्यानं एकदम हसून घेतलं. पार्बताबाई सगळ्यांत जोरात हसल्या. त्या स्वतः मात्र लाकडी पाटावर बसून निंदत होत्या. अमरावतीहून आल्यावर किसनरावांनी तो पाट सुताराकडून करून आणला होता आणि कुणी विचारलं तर सांगत, "असाच पडला होता घरी."

केशवराव झोपडीपुढच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. चहा आला. त्यांनी एक घोट घेतला, मळ्यावरून नजर फिरवली, सुस्कारा टाकला आणि उजवा पाय उचलून डाव्यावर टाकला.

किसनराव धुऱ्यावरून लगबगीनं आले. फट् फट् वाजायचं ते आता नुसतं फत् फत् वाजत होतं. त्यांनी केशवरावांच्या गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला बोट टेकवलं आणि वाकून पाहिलं, आचल मॅडमनी पाहिलं होतं तसं.

"पाय खाली घ्या."

"काहून?"

"घ्या म्हणतो नं. अमरावतीले जा लागते."

केशवरावांनी पाय खाली घेतला. वाफ्यातून पार्बताबाईंचा आवाज आला, "अवो डॉक्टर, मोटर बंद करा. पाणी वाया चाललं!"

आणि किसनराव विहिरीकडे निघाले. थोडं गेल्यावर, चप्पल राहिली का म्हणून, त्यांनी सवयीनं थांबून मागे वळून पाहिलं. मग पुढे गेले.